ग्रहण आणि मोक्ष : द्रावकाने कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्यातील ऊर्जेचा हिशेब

पंचांगात ग्रहणाची माहिती देताना स्पर्श, मध्य आणि मोक्ष असे तीन काल दिलेले असतात. ग्रहण हा शब्द ‘पकडणे’ ह्या अर्थाच्या ग्रह् धातूपासून आलेला आहे. तथापि पकडलेले बिंब सुटल्यावाचून ग्रहण पुरे झाले असे आपण मानीत नाही. कोळसा वा नैसर्गिक वायू जाळून निघणाऱ्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याच्या तंत्राला ‘कार्बन-ग्रहण’ असे मराठी नाव सहज सुचते. मात्र ह्या नावातील सारा भर पकडण्यावर आहे, आणि प्रत्यक्षात ऊर्जा खर्च होते ती पकडलेला वायू सोडवण्यावर. ह्या सोडवण्याचा खर्च किती, तो कोठे कोठे होतो आणि कमी कसा करता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखक रसायनशास्त्रज्ञ नाही, भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे. मग त्याने ह्या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की ह्या तंत्राविषयीच्या हिशेबांत जे घोटाळे होतात त्यांतील काही मूलतः शब्दांचे आहेत. ‘ऊर्जा’ ह्या एका शब्दाखाली उष्णता आणि कार्य ह्या दोन भिन्न गोष्टींची बेरीज केली जाते. ‘शोषण’ ह्या शब्दाने चुकीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आणि ‘इतके टक्के बचत’ असे म्हणताना टक्के कशाचे, हे सांगण्याचे राहून जाते. शब्द नीट लावले म्हणजे हिशेबही नीट लागतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

१. प्रक्रियेचे स्वरूप

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडाचे प्रमाण साधारणतः १२ ते १४ टक्के असते. नैसर्गिक वायूवरील केंद्रात ते अवघे ३ ते ४ टक्के असते. उरलेला भाग मुख्यतः नायट्रोजन, आणि त्याच्याबरोबर पाण्याची वाफ व थोडा ऑक्सिजन. हा सगळाच वायू दाबून जमिनीखाली पुरणे शक्य नाही. म्हणून त्यातील कार्बन डायऑक्साइड आधी वेगळा करावा लागतो.

त्यासाठी सर्वांत अधिक रूढ असलेली रीत अमाइनांच्या जलीय द्रावणाची आहे. आर. आर. बॉटम्स ह्या अमेरिकन संशोधकाला ह्या रीतीचे एकस्व १९३० साली मिळाले. त्याचा हेतू औद्योगिक वायूंमधील आम्लधर्मी अशुद्धी काढून टाकण्याचा होता. पुढे नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत ही रीत जगभर पसरली. तेथे वायू मुळातच मोठ्या दाबाखाली असतो आणि शुद्ध केलेल्या वायूला चांगली किंमत येते. त्यामुळे थोडी उष्णता अधिक लागली तरी कोणी तक्रार करीत नसे. वीजकेंद्राच्या धुराची गोष्ट वेगळी. तो वातावरणाच्या दाबाचा असतो, प्रचंड प्रमाणात येतो, आणि शुद्ध केल्यावर विकण्याजोगे त्यात काही नसते. एका संसारासाठी बांधलेल्या घरात दुसराच संसार थाटावा, तसे येथे घडले आहे.

प्रक्रियेची दोन अंगे आहेत. पहिल्या स्तंभात सुमारे ४० ते ६० अंश सेल्सियस तपमानाला धुराचा वायू खालून वर आणि द्रावण वरून खाली वाहते. द्रावण कार्बन डायऑक्साइड घेते. ह्याला शोषणस्तंभ म्हणू. वायूने समृद्ध झालेले हे द्रावण दुसऱ्या स्तंभात नेतात. तेथे तळाशी असलेल्या रिबॉयलरमध्ये वाफेच्या साह्याने ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले जाते, म्हणजे वायू सुटतो आणि द्रावण पुन्हा कामाला येते. ह्या दुसऱ्या घटनेला द्रावणाच्या बाजूने पाहणारे ‘पुनर्जनन’ म्हणतात. वायूच्या बाजूने पाहिले तर ते ‘मोचन’ होय. मोक्ष आणि मोचन ह्या दोन्ही शब्दांच्या मुळाशी मुच् हा एकच धातू आहे. पुढे मोचन व मोचनस्तंभ हे शब्द वापरले आहेत.

शोषण ह्या शब्दाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. संस्कृतात शुष् म्हणजे वाळणे. शोषण म्हणजे वाळवणे, सुकवणे. मराठीत हा शब्द उच्चारताच टिपकागदाने शाई टिपावी तसे काही डोळ्यांपुढे येते. टिपकागदातील शाई आणि कागद ह्यांत रासायनिक नाते जुळत नाही. अमाइनाच्या द्रावणात मात्र ते जुळते. मोनोएथॅनॉलअमाइन हे ह्या क्षेत्रातील आदर्शवत् मानलेले अमाइन घेतले, तर त्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडाच्या रेणूशी बंध जोडतो आणि दुसरा रेणू त्यातून मोकळा होणारा प्रोटॉन उचलतो. अशा रीतीने कार्बामेट नावाचे संयुग तयार होते. बंध जुळताना उष्णता बाहेर पडते; तो तोडताना निदान तितकी तरी परत द्यावी लागते. पकडणे जवळजवळ फुकट होते आणि सोडवणे महाग पडते, ह्याचे पहिले कारण हे आहे.

२. उष्णतेची तीन खाती

मोनोएथॅनॉलअमाइनाचे वजनी ३० टक्के द्रावण वापरले असता एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवण्यास रिबॉयलरमध्ये सुमारे ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. आपण हिशेबासाठी ३.६ हा आकडा धरू. ही उष्णता तीन खात्यांवर खर्ची पडते.

पहिले खाते रासायनिक बंधाचे. एक मोल कार्बन डायऑक्साइड ह्या द्रावणात शोषला जाताना सुमारे ८५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. टनाच्या हिशेबाने ही सुमारे १.९ गिगाज्यूल होते. म्हणजे एकूण खर्चापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग येथेच जातो.

दुसरे खाते द्रावण तापवण्याचे. द्रावणात कार्बन डायऑक्साइडापेक्षा पाणीच फार असते. अमाइनाच्या एका मोलामागे ०.२५ मोल वायू प्रत्येक फेरीत वाहून नेला जातो असे मानले, तर एक टन वायूसाठी सुमारे १८.५ टन द्रावण फिरवावे लागते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ह्या म्हणीची येथे आठवण होते. सुदैवाने मोचनस्तंभातून बाहेर पडणारे गरम द्रावण आपली उष्णता आत येणाऱ्या थंड द्रावणाला देऊ शकते. परंतु ही देवघेव कधीच पूर्ण होत नाही. दोन्ही प्रवाहांच्या तपमानात १० अंशांचा फरक उरला, तर त्याची भरपाई करण्यासाठी सुमारे ०.७ गिगाज्यूल लागतात.

तिसरे खाते वाया जाणाऱ्या वाफेचे. मोचनस्तंभाच्या माथ्यावरून निव्वळ कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. त्याच्याबरोबर पाण्याची वाफही निघते. ती पुढे थंड करून पाणी परत मिळवतात, परंतु ते पाणी उकळण्यासाठी दिलेली उष्णता शीतक पाण्याबरोबर निघून जाते. उरलेला सुमारे १ गिगाज्यूल हा ह्या खात्याचा.

ऊर्जा कमी करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला प्रथम हाच प्रश्न विचारला पाहिजे, की तो ह्या तीन खात्यांपैकी कोणत्या खात्याला हात घालतो.

३. उष्णता आणि कार्य

आता शब्दांच्या घोटाळ्याकडे वळू. ३.६ गिगाज्यूल म्हणजे नेमके १,००० किलोवॉट-तास, म्हणजेच आपण वीजबिलात ज्याला युनिट म्हणतो अशी १,००० युनिटे. कोळशाच्या केंद्रात १,००० युनिटे वीज निर्माण होताना सुमारे ९५० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरू. त्यातील ९० टक्के पकडावयाचा तर ८५५ किलो होतात. ह्यावरून कोणी त्रैराशिक मांडील, की त्यासाठी ८५५ युनिटे लागणार. म्हणजे केंद्राची बहुतेक सारी वीज ह्यातच संपणार. निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चूक गणिताची नसून ‘ऊर्जा’ ह्या शब्दाची आहे.

रिबॉयलरला लागते ती उष्णता, तीही १२०–१३० अंशांची. टर्बाइनमधून काढून घेतलेली जी वाफ ही उष्णता देते, तिने आपले बरेचसे कार्य आधीच करून टाकलेले असते. ती तशीच पुढे जाऊ दिली असती तर तिच्यापासून आणखी किती वीज मिळाली असती, तेवढेच नुकसान ह्या प्रक्रियेच्या नावावर मांडले पाहिजे. १३० अंशांची उष्णता आणि ४० अंशांचे शीतक पाणी ह्यांच्यामध्ये चालणाऱ्या आदर्श यंत्राला उष्णतेचा सुमारे २२ टक्के भागच कार्यात बदलता येतो, हे कार्नोच्या नियमावरून निघते. खरे टर्बाइन त्याच्या तीन-चतुर्थांश मजल मारते असे मानले, तर प्रमाण १६ ते १७ टक्के येते. म्हणजे ३.६ गिगाज्यूल उष्णतेमुळे बुडालेली वीज सुमारे १६७ युनिटे. त्यात सुटलेला वायू १५० बारपर्यंत दाबण्यासाठी सुमारे ९० ते १०० युनिटे मिळवली, की टनामागे एकूण खर्च सुमारे २६० युनिटांच्या आसपास जातो. वर घेतलेल्या उदाहरणात १,००० युनिटांपैकी सुमारे २२० युनिटे ह्या कामी खर्च होतील. पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक. मोठा, परंतु सर्वस्व हरण करणारा नव्हे.

हाच घोटाळा उलट दिशेनेही होतो. वायूंचे मिश्रण वेगळे करण्यास उष्मागतिकीच्या नियमांप्रमाणे काही किमान कार्य लागतेच. १२ टक्क्यांच्या मिश्रणातून ४० अंशांना ९० टक्के कार्बन डायऑक्साइड काढावयाचा तर ते टनामागे सुमारे ०.१७ गिगाज्यूल, म्हणजे सुमारे ४६ युनिटे येते. हा आकडा ३.६ शेजारी ठेवून ‘आजची रीत किमानाच्या वीसपट ऊर्जा खाते, तेव्हा सुधारणेला वीसपट वाव आहे’ असे म्हणणे मोहक वाटते. परंतु ०.१७ हे कार्य आहे आणि ३.६ ही उष्णता आहे. दोघांची तुलना मुळातच होऊ शकत नाही. योग्य तुलना अशी : वेगळे करणे आणि १५० बारपर्यंत दाबणे मिळून किमान कार्य सुमारे ११० युनिटे, प्रत्यक्ष खर्च सुमारे २६० युनिटे. वाव आहे तो अडीचपटीच्या आतला. आणि कोणतेही खरे यंत्र किमानापर्यंत पोचत नाही, हे लक्षात घेता त्यातीलही काही भागच हाती लागण्याजोगा आहे. वीसपटीची आशा दाखवणारा आणि सर्वनाशाची भीती घालणारा, असे दोघेही एकाच शब्दाने फसलेले असतात.

४. द्रावक बदलण्याचे प्रयत्न

पहिल्या खात्यावरील खर्च कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे बंध सैल असलेले अमाइन शोधणे. मिथाइलडायएथॅनॉलअमाइनासारख्या तृतीयक अमाइनांत कार्बामेट होतच नाही. कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपाने राहतो, शोषणाची उष्णता मोलामागे ६० किलोज्यूलांच्या आसपास उतरते, आणि एका अमाइन रेणूमागे वायूचा एक रेणू सामावू शकतो. पण ही विक्रिया मंद असते. मंद विक्रियेसाठी स्तंभ उंच हवा. तो परवडत नसेल तर द्रावण अधिक फिरवावे लागते किंवा ते मोचनस्तंभात अधिक कसोशीने रिकामे करून आणावे लागते. दोन्हींत उष्णता जाते. तेव्हा विक्रियेचा वेग हा केवळ आकारमानाचा प्रश्न नसून ऊर्जेचाही प्रश्न आहे.

ह्या वेगाच्या शास्त्रात मुंबईचा वाटा मोठा आहे, ह्याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. केंब्रिज येथे पी. व्ही. डॅंकवर्ट्‌स ह्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून मन मोहन शर्मा १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्राध्यापक झाले. अल्कली आणि अमाइन ह्यांच्या द्रावणांत कार्बन डायऑक्साइड कसा शोषला जातो, ह्यावर डॅंकवर्ट्‌स आणि शर्मा ह्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख ह्या विषयाच्या पायाभूत लेखनात गणला जातो. त्या काळी ह्या संशोधनापुढे हवामानबदलाचा प्रश्न नव्हता. खत आणि वायू कारखान्यांची गरज होती. तरीही आज धुराच्या वायूसाठी स्तंभाची उंची काढणारा अभियंता त्याच परंपरेतील सूत्रे वापरतो.

१९८३ साली एक्सॉन कंपनीतील सार्टोरी आणि सॅव्हेज ह्यांनी मधली वाट दाखवली. अमाइन गटाच्या शेजारीच मोठा अणुसमूह असला की कार्बामेटला जागा अपुरी पडते आणि ते टिकत नाही; बायकार्बोनेट होते, पण तृतीयक अमाइनाइतकी मंदता येत नाही. ह्यांना अवरुद्ध अमाइने म्हणता येईल. अशा अमाइनात पिपरॅझिन हे जलद विक्रिया करणारे संयुग मिसळून केलेले एक मिश्रण नॉर्वेतील मॉंगस्टाड येथील चाचणी केंद्रात बारकाईने तपासले गेले असून, त्याची उष्णतेची गरज टनामागे ३ गिगाज्यूलांच्या आसपास येते.

मात्र बंध जितका सैल तितके चांगले, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. कारण तिन्ही खाती परस्परांत गुंतलेली आहेत. द्रावण ४० अंशांवरून १२० अंशांवर नेले असता पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे २७ पट वाढतो. शोषणाची उष्णता मोलामागे ८५ किलोज्यूल असेल तर त्याच वेळी कार्बन डायऑक्साइडाचा दाब सुमारे साडेसातशे पट वाढतो. ती ६० किलोज्यूल असेल तर सुमारे शंभरपटच. पहिल्या प्रकारात वायू वाफेला मागे टाकून जोराने बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर वाफ कमी जाते. दुसऱ्या प्रकारात वायूचा जोर कमी असल्याने वाफ जास्त वाया जाते. पहिल्या खात्यावर वाचवलेले अशा रीतीने तिसऱ्या खात्यावर खर्ची पडू शकते. म्हणून नव्या द्रावकाविषयी केवळ ‘ह्याची शोषण-उष्णता कमी आहे’ एवढेच सांगितले असेल, तर वाचकाने तेथे थांबू नये.

निव्वळ पिपरॅझिनाचे तीव्र द्रावण हे ह्याचे चांगले उदाहरण आहे. ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात गॅरी रोशेल ह्यांच्या गटाने त्याचा दीर्घ काळ अभ्यास केला आहे. त्याचा शोषणाचा वेग मोनोएथॅनॉलअमाइनाच्या सुमारे दुप्पट आहे, आणि मुख्य म्हणजे ते १५० अंशांपर्यंत तापवले तरी फारसे विघटित होत नाही. मोनोएथॅनॉलअमाइन १२० अंशांच्या पलीकडे टिकत नाही. अधिक तपमानाला मोचन केल्याने वायू अधिक दाबाने बाहेर पडतो आणि पुढे तो दाबण्याचा खर्च कमी होतो. ह्या द्रावणाने आणि सुधारित मोचनयंत्राने उष्णतेची गरज २.५ गिगाज्यूलांच्या आसपास आणता येते.

येथेही दोन शब्दांचा हिशेब वेगळा ठेवावा. ३.६ वरून २.५ म्हणजे उष्णतेत ३० टक्के घट. पण १५० अंशांची उष्णता १२० अंशांच्या उष्णतेहून मोलाची असते; वरच्याच रीतीने हिशेब केला तर तिच्यामुळे बुडालेली वीज सुमारे १४५ युनिटे येते. १६७ वरून १४५, म्हणजे घट केवळ १३ टक्क्यांची. मग दाबण्याच्या खर्चात २० ते २५ युनिटे वाचतात ती मिळवली, की एकूण २६० वरून सुमारे २१५ युनिटे होतात, म्हणजे सुमारे १७ टक्के बचत. तीस, तेरा आणि सतरा हे तीनही आकडे एकाच यंत्राचे आहेत आणि तीनही खरे आहेत. जाहिरातीत कोणता येईल, हे सांगावयास नको.

पाणीच कमी करावे, हा आणखी एक विचार. फ्रान्समध्ये विकसित झालेल्या एका द्रावणाचे, कार्बन डायऑक्साइड घेतल्यावर दोन थर होतात. वायू मुख्यतः एका थरात साठतो आणि तेवढाच थर मोचनस्तंभात न्यावा लागतो. डंकर्क येथील पोलाद कारखान्यात २०२२ पासून ह्याची चाचणी झाली. दुसऱ्या खात्यावर थेट घाव घालणारी अशी ही कल्पना आहे.

५. यंत्ररचनेतील सुधारणा

द्रावक तोच ठेवूनही बरेच साधता येते. शोषणस्तंभात बंध जुळताना निघालेल्या उष्णतेने द्रावण तापते आणि त्याची वायू घेण्याची शक्ती घटते. म्हणून मध्यावर ते बाहेर काढून थंड करतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत अधिक वायू वाहून नेला जातो आणि फिरवावयाचे द्रावण कमी होते. उष्णता-विनिमयकाचे क्षेत्रफळ वाढवून दोन प्रवाहांतील तपमानाचा फरक १० वरून ५ अंशांवर आणला, तर दुसऱ्या खात्यावरील ०.७ गिगाज्यूल जवळजवळ निम्मे होतात; अर्थात पोलादाचा खर्च वाढतो.

तिसऱ्या खात्यासाठी एक युक्ती विशेष सोपी आणि सुंदर आहे. समृद्ध द्रावणाचा थोडासा भाग न तापवता थंडच मोचनस्तंभाच्या माथ्याशी सोडतात. वर येणारी वाफ त्यावर निवते आणि आपली उष्णता शीतक पाण्याला देण्याऐवजी द्रावणालाच देते. पिपरॅझिनाच्या ज्या सुधारित मोचनयंत्राचा वर उल्लेख केला, त्यात हेच तत्त्व वापरले आहे. दुसरी रीत अशी, की मोचनस्तंभातून निघालेल्या गरम द्रावणाचा दाब एकदम कमी करून त्यातून वाफ काढावयाची आणि ती यंत्राने दाबून पुन्हा स्तंभात सोडावयाची. ह्यात रिबॉयलरची उष्णता निश्चित कमी होते. पण दाबयंत्राला वीज लागते. उष्णतेच्या आकड्यात ही बचत उठून दिसते आणि विजेचा खर्च दुसऱ्याच कोष्टकात राहतो. वाचकाने दोन्ही कोष्टके शेजारी ठेवावीत.

६. उष्णता कोठून आणावी

खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग यंत्राच्या बाहेर आहे. उष्णता जर वाया जाणारीच मिळाली, तर तिच्यामुळे बुडणारी वीज जवळजवळ शून्य होते. नॉर्वेतील ब्रेव्हिक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ साली उद्घाटन झालेला वर्षाला ४ लाख टनांचा प्रकल्प ह्याच विचारावर उभा आहे. भट्टीची वाया जाणारी उष्णता जितकी मिळते तितकाच वायू पकडावयाचा, असे ठरवल्यामुळे तेथे कारखान्याच्या उत्सर्जनापैकी सुमारे निम्मा भागच पकडला जातो. निम्म्यावर थांबणे हा येथे दोष नसून हिशेबाचा प्रामाणिकपणा आहे.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण टेक्ससमधील पेट्रा नोव्हा प्रकल्पाचे. २०१७ च्या आरंभी सुरू झालेल्या, वर्षाला सुमारे १४ लाख टन क्षमतेच्या ह्या प्रकल्पात कोळशाच्या संचातून वाफ काढून घेण्याऐवजी नैसर्गिक वायूवर चालणारा वेगळा संच उभारला गेला. त्यामुळे मूळ संचाची वीज शाबूत राहिली. पण त्या वेगळ्या संचाचा स्वतःचा कार्बन डायऑक्साइड पकडला जात नव्हता. कोळशाच्या संचाकडे पाहिले तर ऊर्जेचे नुकसान नाही. दोन्ही संच एकत्र पाहिले तर आहे. हा प्रकल्प २०२० मध्ये बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

आपल्या देशात मध्य प्रदेशातील विंध्याचल येथे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाने २०२२ साली दिवसाला २० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू केला. पूर्ण भाराने चालणारा ५०० मेगावॉटचा एकच संच दिवसाला ११ हजार टनांच्या आसपास वायू सोडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आपण कोणत्या पायरीवर आहो ते कळते. त्याच वर्षी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ह्या विषयाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन करण्याची घोषणा झाली. हा प्रश्न आपल्याला परका नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. उद्या तेथील सर्व संचांना मोनोएथॅनॉलअमाइनाची जुनी रीत लावली असे कल्पिले, तर वरील हिशेबाने सुमारे ६४० मेगावॉट वीज ह्या कामीच खर्च होईल. म्हणजे ५०० मेगावॉटच्या एका संचाहून अधिक. ती भरून काढण्यासाठी आणखी कोळसा खणावा, वाहावा आणि जाळावा लागेल, आणि त्याची राख व धूळ त्याच जिल्ह्यातील माणसांच्या वाट्याला येईल. टनामागे वाचवलेली ४५ युनिटे तेथे ११० मेगावॉट वाचवतात. ऊर्जेचा हिशेब नीट करणे म्हणजे काय, ते ह्या आकड्यात आहे.

७. समारोप

एखाद्या नव्या द्रावकाविषयी किंवा यंत्राविषयी बचतीचा आकडा वाचनात आला, तर अभ्यासकाने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. हा आकडा उष्णतेचा आहे की कार्याचा? उष्णतेचा असल्यास ती कोणत्या तपमानाची? वायू किती दाबापर्यंत नेण्याचा खर्च त्यात धरला आहे? आणि टक्के मोजले ते कोणत्या जुन्या रीतीच्या तुलनेत? धुरातील कार्बन डायऑक्साइडाचे मूळ प्रमाण आणि त्यातील किती भाग पकडला, ह्या दोन गोष्टी तर प्रत्येक आकड्याबरोबर असल्याच पाहिजेत. ह्यांपैकी एकही गोष्ट सांगितली नसेल, तर तो आकडा खोटा ठरतो असे नाही. परंतु त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

परिभाषा सिद्ध करणाऱ्यांनीही ह्यातून काही घ्यावे. ‘पुनर्जनन-ऊर्जा’ असा एक शब्द रूढ करण्यापेक्षा ‘मोचन-उष्णता’ आणि ‘समतुल्य कार्य’ असे दोन शब्द रूढ झाले, तर विद्यार्थ्याला वाक्य लिहितानाच निवड करावी लागेल, आणि जो घोटाळा पुढे कोष्टकात शोधावा लागतो तो वाक्यातच अडेल. १९३० साली बॉटम्सने पकडण्याची रीत दिली. ती आजही पुरेशी चांगली आहे. त्यानंतरच्या नव्वदाहून अधिक वर्षांचे संशोधन बव्हंशी सोडवण्याच्या खर्चाशी झुंजत आले आहे, आणि त्या झुंजीचे मोजमाप नेमक्या शब्दांवाचून होणे नाही.